टोपण तेच, बाटली दुसरी

वाचकहो, तुमच्या घरात आठवी-नववीला कोणी मुलगा-मुलगी असेल, तर दिवेलागणीनंतर हे वाक्य तुमच्या कानावर नक्की पडले असेल. "एका भांड्यात २० टक्के तीव्रतेचे ६ लिटर आम्ल आहे. त्यात किती लिटर पाणी घातले असता ते १५ टक्के तीव्रतेचे होईल?" पोर हे तीनदा वाचते, चौथ्यांदा पेन्सिलीचे टोक चावते आणि मग वही मिटवून म्हणते, "आपल्याला काय करायचंय आम्लाशी? आपण काय कारखाना काढणार आहोत?"

आमच्या शेजारची नववीतली मुलगी गेल्या पावसाळ्यात असेच म्हणाली. मी ओट्यावर बसलो होतो, तिची आजी आत ताक घुसळत होती. मी काही बोलायच्या आत आजीच आतून म्हणाली, "अगं, ताकात पाणी घातलं तर ताक वाढतं, लोणी वाढत नाही. तुझ्या पुस्तकात याहून वेगळं काय लिहिलंय?"

खरे सांगायचे तर वेगळे काहीच लिहिलेले नसते. आजी शाळेत गेली नाही, पण या जातीच्या सगळ्या गणितांचे मूळ तिने एका वाक्यात सांगितले. पाणी कितीही ओता, जी मोलाची वस्तू आत आहे ती तेवढीच राहते. मग ते लोणी असो, मीठ असो, औषध असो की पुस्तकातले आम्ल.

आता त्याच गणिताकडे पाहू. ६ लिटरमध्ये २० टक्के आम्ल, म्हणजे नुसते आम्ल १.२ लिटर. पाणी घातल्यावरही ते १.२ लिटरच राहणार. पण आता या १.२ लिटरला आपल्याला नव्या मिश्रणाचा १५ वा हिस्सा नव्हे, शंभरातले १५ भाग करायचे आहे. म्हणजे सगळे मिश्रण किती हवे? १.२ ला १५ ने भागा आणि १०० ने गुणा. ८ लिटर. ६ होते, ८ हवे, पाणी २ लिटर. बीजगणितात हेच लिहायचे तर पाण्याला 'क्ष' म्हणायचे आणि मांडायचे : ६ × २० = (६ + क्ष) × १५. डावीकडे आधीचे आम्ल, उजवीकडे नंतरचे आम्ल. दोन्ही सारखे, कारण पाण्यात आम्ल नाही. 'बरोबर' ही खूण म्हणजे आजीचे ते वाक्य.

मुलीला हे पटले. पण तिने विचारलेला प्रश्न अजून उभाच होता. आपल्याला आम्लाशी काय करायचे? त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझी स्वतःची फजिती तिला सांगावी लागली. तीच तुम्हालाही सांगतो.

मिरचीचा वाफा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दहा गुंठे मिरची होती. फुलकिडे पडले. आदल्या वर्षी मी एक औषध मारले होते, त्याच्या टोपणाने एक टोपण, म्हणजे १५ मिलिलिटर, पंधरा लिटरच्या पंपाला. गुण आला होता. या वर्षी दुकानात तीच बाटली मिळाली नाही. दुकानदाराने दुसरी दिली आणि म्हणाला, "औषध तेच आहे, कंपनी वेगळी." त्याचे खोटे नव्हते. औषध तेच होते. मी जुने टोपण धुऊन ठेवले होते, त्याच टोपणाने मापले आणि पंपात टाकले. दुपारचे ऊन, वर घाई. चौथ्या दिवशी कोवळ्या शेंड्यांची पाने कडेने करपलेली दिसली.

बाटली पुन्हा हातात घेतली तेव्हा दिसले. जुन्या बाटलीवर औषधाच्या नावापुढे ३० हा आकडा होता, नव्या बाटलीवर ५०. हा आकडा म्हणजे शंभर भागांत खरे औषध किती भाग आहे ते. बाकीचे द्रावक, तेल आणि पाण्यात मिसळण्यासाठी घातलेले पदार्थ. आकड्यापुढे ईसी, एसएल, डब्ल्यूपी अशी जी अक्षरे असतात ती औषध कोणत्या रूपात आहे ते सांगतात. आपण अक्षरे वाचत नाही ते एक वेळ चालेल, पण आकडा न वाचणे चालत नाही.

आता हिशेब करा. ३० टक्क्यांच्या बाटलीतले १५ मिलिलिटर, म्हणजे खरे औषध ४.५ मिलिलिटर. ते १५ लिटर पाण्यात गेले, तर फवाऱ्याची तीव्रता ०.०३ टक्के. ५० टक्क्यांच्या बाटलीतले तेच १५ मिलिलिटर, म्हणजे खरे औषध ७.५ मिलिलिटर, आणि तीव्रता ०.०५ टक्के. टोपण तेच, पंप तोच, पाणी तेवढेच, आणि औषध जवळजवळ पावणेदोन पट. मला हवे होते ४.५ मिलिलिटर औषध. ५० टक्क्यांच्या बाटलीतून ते मिळवायला ९ मिलिलिटर पुरले असते.

हे ९ कसे काढायचे, ते एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. हवी असलेली तीव्रता गुणिले पाणी, भागिले बाटलीवरचा आकडा. पाणी मिलिलिटरमध्ये घेतले की उत्तरही मिलिलिटरमध्ये येते. ०.०३ × १५००० = ४५०, त्याला ५० ने भागले की ९. आणि ३० ने भागले की १५. बाटलीवरचा आकडा मोठा झाला की माप लहान होते. एवढे जरी ध्यानात राहिले तरी निम्मे काम झाले.

इथे एक सांगणे जरूर आहे. हे सूत्र म्हणजे औषधाची मात्रा स्वतः ठरवण्याचा परवाना नव्हे. कोणत्या पिकाला, कोणत्या किडीला किती, हे बाटलीच्या चिठ्ठीवर आणि सोबतच्या माहितीपत्रकावर छापलेले असते आणि तेच शेवटचे. सूत्र उपयोगी पडते ते चिठ्ठीतली मात्रा आपल्या पंपाला बसवून घेण्यासाठी, आणि गेल्या वर्षीची सवय या वर्षीच्या बाटलीला चालते की नाही ते ताडून पाहण्यासाठी. बाटलीवर जो चौकोन असतो, त्यातला रंगीत त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. तो विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा त्या मानाने सौम्य. त्रिकोण आणि टक्केवारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ जण हिरवा त्रिकोण पाहून हात सैल सोडतात, तसे करू नये.

माझे नुकसान पानांवर भागले. सगळ्यांचे तसे भागत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्याची कारणे अनेक होती. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर येणारा फवारा, हातमोजे आणि तोंडाला फडके नसणे, एकात एक मिसळलेली दोन-तीन औषधे. सगळा दोष गणिताच्या माथी मारणे बरोबर नाही. पण पंपात नेमके काय आणि किती गेले हे सांगता न येणे, हे त्या संकटाचे एक अंग होतेच.

आणि आता मुद्द्यावर येतो. आपल्या किती घरांत बाटलीवरची बारीक अक्षरे कोण वाचते? शाळेत जाणारे पोर वाचते. वडील बांधावरून हाक मारतात, "अगं, बघ गं किती टाकायचं लिहिलंय." आणि जी मुलगी म्हणते की मला आम्लाशी काय करायचंय, तीच बाटली उजेडाकडे धरून वाचत असते. त्या दिवशी मी शेजारच्या मुलीला एवढेच विचारले, "तुमच्याकडे बाटली कोण वाचतं?" ती म्हणाली, "मीच." आणि तिने वही पुन्हा उघडली.

चुकले तर दुरुस्त कसे करायचे

माझ्या फजितीचे पुढचे गणित तिने त्याच संध्याकाळी सोडवले. पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा ते मला जास्त आवडते, म्हणून सविस्तर देतो.

समजा फवारा मारण्याआधीच चूक ध्यानात आली. पंपात १५ लिटर भरलेले आहे, तीव्रता ०.०५ टक्के. हवी आहे ०.०३. पंप तोंडापर्यंत भरलेला, पाणी घालायला जागा नाही. काय कराल?

बहुतेक जण म्हणतात, थोडे ओतून टाका आणि पाणी भरा. पण थोडे म्हणजे किती? इथे क्ष पाण्याला नाही, बाहेर काढायच्या औषधपाण्याला द्यायचा. पंपात शेवटी १५ लिटर ०.०३ टक्क्याचे हवे, म्हणजे खरे औषध ४.५ मिलिलिटर हवे. आता आत ७.५ मिलिलिटर आहे. ३ मिलिलिटर जास्त आहे. पण नुसते औषध चिमटीने उचलता येत नाही, ते पाण्यात सारखे विरघळलेले आहे. ७.५ मिलिलिटर १५ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला अर्धा मिलिलिटर. ३ मिलिलिटर बाहेर काढायला ६ लिटर काढावे लागेल. उरले ९ लिटर, त्यात ४.५ मिलिलिटर औषध, वर ६ लिटर स्वच्छ पाणी, झाले १५ लिटर ०.०३ टक्क्याचे.

समीकरण हवे असेल तर (१५ − क्ष) × ०.०५ = १५ × ०.०३. दोन्ही बाजूंना शंभराने गुणा, दशांश पळून जातात : (१५ − क्ष) × ५ = ४५. कंसाची किंमत ९, क्ष ६. दशांश चिन्हाला घाबरणाऱ्या मुलांना हे आधीच शिकवावे. दशांशाशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला दाराबाहेर ठेवून यावे.

आणि काढलेले ते ६ लिटर? तेही ०.०५ टक्क्याचेच आहे. ते ओढ्यात, विहिरीच्या काठावर किंवा गुरांच्या वाटेवर ओतायचे नाही. त्यात ४ लिटर पाणी घातले की १० लिटर ०.०३ टक्क्याचे तयार होते आणि त्याच दिवशी पुढच्या सरीला वापरता येते. ताळा करून पाहा. सुरुवातीचे ७.५ मिलिलिटर औषध ०.०३ टक्क्याने एकंदर २५ लिटरला पुरते. पंपातले १५ आणि ड्रममधले १०, झाले २५. गणितात ताळा जुळल्याचा आनंद काही वेगळाच, आणि इथे तर एक थेंबही वाया गेला नाही.

सरासरीचा खड्डा

मुलांची, आणि मोठ्यांचीही, सर्वांत जास्त होणारी चूक वेगळीच आहे. घरी गाईचे २० लिटर दूध आहे, फॅट ४. म्हशीचे ५ लिटर, फॅट ७. दोन्ही एकत्र केले तर फॅट किती लागेल? झटकन उत्तर येते, ४ आणि ७ ची सरासरी, साडेपाच.

साडेपाच लागत नाही. गाईचे दूध चौपट आहे, त्याचे वजन निकालात पडणारच. गाईच्या दुधातले फॅट ०.८, म्हशीच्या दुधातले ०.३५, एकूण १.१५. दूध २५ लिटर. फॅट ४.६. (लिटर आणि किलो यांतला बारीक फरक मी इथे सोडून देतो. घरगुती हिशेबाला चालते.) सरकारी मानकांत मिश्र दुधाला निदान ४.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ सांगितले आहे. साडेपाचाच्या भ्रमात राहून तुम्ही हॉटेलला रतीब धरला आणि वर आणखी सहा-सात लिटर गाईचे दूध ओतले, तर घसरलात म्हणून समजा. ४.६ वरून ४.५ च्या खाली जायला वेळ लागत नाही.

दोन गावांचे गणित लक्षात ठेवा. लहान वाडीतली शंभर माणसे आणि मोठ्या गावातली हजार माणसे एका सभेला आली, तर सभेचा कल मोठ्या गावाकडे झुकणार. टक्केवारीची सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही मापे सारखी असतात.

जाता जाता एक तक्रार. गणिताच्या पुस्तकांतल्या गवळ्याची फार बदनामी झाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो बिचारा दुधात पाणीच घालतो आहे आणि मुले ते किती घातले ते शोधून काढताहेत. आता असा गवळी टिकायचाही नाही. नुसते पाणी घातले की फॅट तर उतरतेच, एसएनएफही उतरते आणि डिग्री लगेच खाली येते.

पण पाणी घालून दूध वाढवण्याचा एक उघड, कायदेशीर आणि विचारपूर्वक मार्ग आपल्याच मुंबईत १९४० च्या दशकात काढला गेला. त्याचे नाव टोन्ड दूध. आरेच्या दूध वसाहतीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या दारा खुरोडींना त्याचे श्रेय देतात. पुढे १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गिस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पारितोषिक मिळाले. कल्पना अशी की म्हशीचे दूध घट्ट, त्यात फॅट भरपूर. ते थोडे पातळ केले तर तेवढ्याच दुधात जास्त पोरांची तोंडे गोड होतील आणि भावही उतरेल.

आता त्यातले गणित पाहा. म्हशीचे १०० लिटर दूध घ्या, फॅट ६, एसएनएफ ९. टोन्ड दुधाला फॅट ३ आणि एसएनएफ ८.५ लागते. फॅटचा हिशेब सोपा. ६ चे ३ करायचे, म्हणजे १०० चे २०० लिटर. पण नुसते १०० लिटर पाणी घातले तर एसएनएफही निम्मे, साडेचार होते. ते दूध नव्हे, पांढरे पाणी. २०० लिटरला साडेआठ टक्क्यांनी एसएनएफ १७ किलो हवे, आपल्याजवळ ९ किलो आहे. राहिलेले ८ किलो कुठून आणायचे? साय काढलेल्या दुधाच्या भुकटीतून. म्हणून पाण्याबरोबर भुकटी जाते. एकाच भांड्यात दोन वस्तूंचे दोन हिशेब चालतात, आणि दोन्ही जुळावे लागतात. दहावीत 'दोन चलांतील समीकरणे' म्हणून जे शिकवतात, त्याचे बीज हेच आहे.

भास्कराचार्यांची रीत

दोन चलांचे एक उदाहरण करून टाकू. ७ फॅटचे म्हशीचे आणि ४ फॅटचे गाईचे मिळून ३० लिटर दूध ५ फॅटचे हवे. म्हशीचे क्ष, गाईचे य. क्ष + य = ३०. फॅटचा हिशेब : ७क्ष + ४य = १५०. पहिल्या समीकरणाला ४ ने गुणून वजा केले की ३क्ष = ३०. म्हशीचे १०, गाईचे २० लिटर.

हेच तोंडी काढायची एक युक्ती आहे आणि ती आजची नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' ११५० सालचा. 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग. त्यात सोन्याच्या मिश्रणाचे एक प्रकरणच आहे. त्या काळी सोन्याचा कस 'वर्णा'त सांगत, सोळा वर्णांचे सोने उत्तम. भास्कराचार्य विचारतात ते असे : एक गोळी सोळा वर्णांची, एक दहा वर्णांची, दोन्ही आटवल्यावर बारा वर्णांचे सोने झाले, तर गोळ्यांची वजने कोणत्या प्रमाणात? त्यांची रीत अशी की हव्या कसातून हलका कस वजा करा, ते भारी सोन्याचे माप. भारी कसातून हवा कस वजा करा, ते हलक्या सोन्याचे माप. १२ वजा १० म्हणजे २, आणि १६ वजा १२ म्हणजे ४. भारी दोन भाग, हलके चार भाग. कोनाकोनी वजाबाकी. आपल्या दुधाला लावून पाहा : ५ वजा ४ म्हणजे १ भाग म्हशीचे, ७ वजा ५ म्हणजे २ भाग गाईचे. १० आणि २०. उत्तर तेच.

चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे, साधारण १२०७ चे साल. पाटणादेवीला जाणाऱ्या मंडळींनी मुलांना त्याची आठवण जरूर करून द्यावी.

ही रीत गोठ्यात फार उपयोगी पडते. समजा मक्याच्या भरड्यात प्रथिने ९ टक्के आणि भुईमुगाच्या पेंडीत ४२ टक्के धरली, आणि दुभत्या जनावराला १८ टक्क्यांचे मिश्रण हवे आहे. ४२ वजा १८ म्हणजे २४ भाग भरडा, १८ वजा ९ म्हणजे ९ भाग पेंड. २४ ला ९, म्हणजे ८ ला ३. अकरा किलोत आठ किलो भरडा, तीन किलो पेंड. सरकी पेंड वापरत असाल तर आकडा वेगळा येईल, पोत्यावरचा आकडा घ्या. क्षारमिश्रण आणि मीठ याशिवाय द्यायचे असते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

भगिनींसाठी सोन्याचेच एक. मोडीला १० ग्रॅम २२ कॅरटचे आणि ५ ग्रॅम १८ कॅरटचे एकत्र आटवले, तर २२० आणि ९० मिळून ३१०, भागिले १५. कस २०.६७ कॅरट. बावीस नव्हे, वीसही नव्हे. दागिन्यावरचा ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने, हेच २२ कॅरट. आणि तोळा म्हटले की जुना साडेअकरा ग्रॅमच्या वरचा की आताचा दहा ग्रॅमचा, ते आधी विचारून घ्यावे.

दोन बादल्या

एक शेवटचे मिश्रण सांगायचे राहिले, बोर्डो. हे नाव फ्रान्समधल्या गावाचे. तिकडे रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक घड तोडतात म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडून वेली निळ्या करून ठेवत. बोर्डोचे प्राध्यापक मिलार्डे यांना दिसले की त्याच वेली केवड्यापासून वाचल्या आहेत. १८८५ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. कोकणात सुपारीच्या कोळे रोगावर आजही हेच मिश्रण मारतात.

एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळा, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, आणि मग दोन्ही एकत्र. मुलांना इथे विचारून पाहा : पहिल्या पिंपात मोरचूद किती टक्के? १ किलो ५० लिटरमध्ये, म्हणजे २ टक्के. दुसऱ्यात चुना २ टक्के. दोन्ही एकत्र केल्यावर चार टक्के का होत नाही? कारण चुन्याच्या पिंपात मोरचूद नाही, मोरचुदाच्या पिंपात चुना नाही. एकाला दुसरे पाण्यासारखेच. दोघेही निम्मे होतात, एक-एक टक्का. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, धातूची नकोत. घासलेला विळा मिश्रणात बुडवून पाहा. तांबूस झाक आली तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. आणि त्याच दिवशी वापरून टाका.

निंबोळी अर्काच्या बाटलीवर टक्के नसून पीपीएम असतात, त्यावरून पुष्कळ घोटाळा होतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का, १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्का. दहा हजारांची बाटली पंधराशेच्या मापाने ओतली तर काय होईल, ते आता तुम्हीच सांगा.

शेजारच्या मुलीने वर दिलेले पंपाचे गणित सोडवले तेव्हा आजी बाहेर येऊन बसली होती. सहा लिटर काढायचे, चार लिटर घालायचे, दहा लिटर होतात, ताळा जुळला, मी खूश झालो. मुलगी मात्र वहीकडे पाहत राहिली. म्हणाली, "काका, सहा लिटर काढायचं खरं. पण काढणार कशात? घरातली बादली तर नाही ना घ्यायची?" मी म्हणालो, औषधासाठी वेगळा ड्रम ठेवायचा, त्यावर तेलरंगाने 'विष' लिहायचे आणि आत दर पाच लिटरला खूण करायची. "खुणा मी करीन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने पाच लिटरच्या डब्याने पाणी ओतून ओतून खुणा केल्या. सहाव्या लिटरला एक जास्तीची बारीक रेघ मारली.